पेन्सिली मोडणारा होरेस डीली

"बग, ही हातात घे. तशी न्हाई, नाकाकडनं धर. आता मागचं बोंड फिरीव. फिरतंय?"

"फिरतंय की."

"शिसं आलं बाहीर?"

"आलं."

"नव्वद वर्सं झाली हिला. करनारा मेला, इकनारा मेला, लिवनारा बी मेला आसंल. ही अजून फिरतीया. आन् मला म्हनत्यात, मोड."

"मग मोड की, होरेस. पगार काय ती फिरवायचा घेतोस?"

"मोडतोच हाय. मी कवा न्हाई म्हनलो?"

होरेस डीलीनं ती पेन्सिल माझ्या हातातनं काढून घेतली, पत्र्याच्या कात्रीत धरली आणि कचकन मधोमध कापली. चांदीची नळी डावीकडच्या घमेल्यात टाकली, आतला पितळी स्क्रू उजवीकडच्या. पोलादी नाक खालच्या डब्यात गेलं. बोंडात जांभळा खडा होता, तो टोच्यानं उचकटून पत्र्याच्या डबीत टाकला. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग जाकिटाच्या खिशातनं स्वतःची चांदीची पेन्सिल काढून त्यानं चिठ्ठीवर वजन मांडलं आणि पुढची पेन्सिल उचलली.

ही १९८० सालच्या जानेवारीतली गोष्ट. चांदी अशी चढली होती की बर्मिंगहॅममधल्या हॉकलीच्या सोनारआळीतल्या जुन्या माणसांनीही तसला भाव कधी बघितला नव्हता. आमच्या कारखान्याच्या खिडकीपासनं सकाळी आठाला रांग लागायची, ती कोपऱ्यावरच्या पबला वळसा घालून पार कबरस्तानाच्या भिंतीला टेकायची. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, टोपीतले म्हातारे, प्रत्येकाच्या हातात पिशवी. पिशवीत चहाच्या किटल्या, चमचे, बारशाचे पेले, कुणाची लढाईतली मेडलं. खिडकीत तराजू आणि तराजूमागं पाटी. पाटीवरचा भाव दिवसातनं दोनदा पुसून नवा लिहायचे. आपला नंबर येईस्तोवर वाढला तर रांगेतली माणसं एकमेकांकडं बघून हसायची, आणि उतरला तर पुढच्या माणसाच्या पाठीत बोट घालून म्हणायची, "हल की लवकर, तुझ्या किटलीची आरती करायची हाय का?"

खाली घेतलेला माल पोत्यानं वर आमच्याकडं यायचा. आम्ही मोडायचा, तळघरात वितळवायचा. आज उघडलेलं पोतं आज रिकामं झालं पाहिजे आणि संध्याकाळी घमेल्यांचं वजन त्या पोत्याच्या खिडकीवरच्या वजनाशी जुळलं पाहिजे, असा नियम. न उघडलेली पोती जिन्याखाली साठत चालली होती, आणि नवं वर पडायचं म्हणून तेच आधी निघायचं.

मोडणीच्या खोलीत आम्ही चौघं. किटल्या, आरशांच्या पाठी, सुऱ्यांच्या मुठी ह्या आमच्या तिघांच्यात. फिरकीच्या पेन्सिली आणि दौतीत बुडवायचे टाक एकट्या होरेसच्या बाकावर. कारण असल्या मालाच्या पोटात पितळ, पोलाद, राळ, काय काय भरलेलं असतं. ते तसंच मुशीत गेलं तर अख्खी मूस नासते. होरेसला ती पोटं पाठ होती. चौदाव्या वर्षी तो दोन गल्ल्या पलीकडच्या पेन्सिलींच्या कारखान्यात लागला आणि एकतीस वर्षं, मधली लढाईची सोडली तर, तिथं एकच काम केलं. नळीत फिरकी घालायची आणि नाक बसवायचं. पुढं बॉलपेन आलं, लोकांना चांदीची पेन्सिल नको झाली आणि साठ साली त्या कारखान्याला कुलूप लागलं. त्याच ईस्टरला होरेस आमच्याकडं आला. "एकतीस वर्सं आत घातल्यालं आता बाहीर काढतूया," असं म्हणायचा. त्यात विनोद होता की नाही हे त्याच्या तोंडावरनं कळायचं नाही. तोंड लांबुळकं, खालचा ओठ पुढं आलेला, कुणी नुकताच अपमान केल्यासारखा.

येत्या ईस्टरला त्याची आमच्याकडची वीस वर्षं भरत होती. वीस भरली की मरेपर्यंत पेन्शन, एक दिवस कमी पडला तर काही नाही. कंपनीचं कलमच तसं होतं. त्याची बायको एल्सी घरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. ज्या गुरुवारचं मी सांगणार आहे, त्या दिवशी ईस्टरला साडेदहा आठवडे राहिले होते.

होरेसच्या घरी मी एकदोनदा जेवायला गेलो आहे. उंच इमारतीत आठव्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. स्वयंपाकघरातल्या ज्या खणात लोक काटे-चमचे ठेवतात, त्या खणात ह्याच्या साठेक पेन्सिली हिरव्या कापडावर ओळीनं निजलेल्या, आणि काटे-चमचे बिचारे बाहेर एका फुटक्या मगात उभे. एक पेन्सिल होडीच्या वल्ह्यासारखी होती. एकीला दोन कड्या, एक सरकवली की टाक बाहेर येतो, दुसरी सरकवली की शिसं. एक काडीएवढी बारीक, नाचाला जाणाऱ्या बायकांची. एकीवर नाव कोरलेलं होतं, अमक्याकडनं लाडक्या तमकीला म्हणून. होरेस ती दाखवायचा आणि सांगायचा, "ह्यो अमक्या तिचा नवरा नव्हं. दोघांचीबी घरं मला ठावं हायती."

पण नुसतं जमवून ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. तसल्या लोकांची त्याला शिसारी होती. काचेच्या कपाटात पेन्सिल ठेवणाऱ्याला तो 'कुलूपवाला' म्हणायचा. ह्याच्याकडं प्रत्येक पेन्सिलीची पाळी ठरलेली. सोमवारी सकाळी खणातनं एक निघणार, शनिवारपर्यंत खिशात राहणार. कारखान्यातल्या चिठ्ठ्या, बाजाराची यादी, घोड्यांचे आकडे, सगळं तिनंच लिहायचं.

"काम दिलं न्हाई की आतल्या तेलाचा गोंद हुतो," असं त्याचं म्हणणं. "मंग ती पेन्सिल ऱ्हात न्हाई, नळी हुती."

जुन्या पेन्सिलींना लागतं त्या जाडीचं शिसं आता कुणी करत नाही. होरेस जाड शिसं आणून पोलादाच्या पट्टीतल्या भोकातनं ओढायचा, वर काचकागदानं घासायचा. स्वयंपाकघराचं टेबल कायम काळं. एल्सी चीज-कांद्याचा पाव माझ्यापुढं ठेवत म्हणाली होती, "बगा, पावाव ठसं उमटल्यात. उद्या ह्यांनी कुनाचा खून केला तर पोलिसांना लई शोधाय लागायचं न्हाई."

आता ह्या साठातल्या निम्म्या पेन्सिली कुठनं आल्या, ते सांगतो.

आमच्या धंद्यात चांदीचा कण बाहेर जाऊ देत नाहीत. बाकाखाली चामड्याची झोळी असते, किस तिच्यात पडतो. हात धुतलेलं पाणी हौदात साठवतात आणि गाळ काढतात. जुने एप्रन जाळून राखेतनं चांदी काढतात. संध्याकाळी दारात बुटांना ब्रश मारायचा, केसांतनं फणी फिरवायची, खिसे उलटे करून दाखवायचे. आमच्यातला नॉर्मन म्हणून एक चांदीला झळाळी देणारा जिल्हईवाला पँटीच्या दुमडीत चिमूटभर किस घेऊन जाताना सापडला. सहा महिने आत गेला. सुटून आल्यावर सोनारआळीत त्याला कुणी झाडू मारायलाही ठेवलं नाही. शेवटी कॉव्हेंट्रीकडं कुठं तरी कोंबड्या सोलायच्या कामाला लागला.

दारावर पर्सी म्हणून वॉचमन होता. त्याच्या वहीत प्रत्येकाची अंगावरची चांदी-सोनं लिहिलेलं. होरेसच्या नावापुढं साठ सालापासनं एक ओळ होती, 'लग्नाची अंगठी एक, घड्याळ एक, चांदीची पेन्सिल एक.' येताना दाखवायची, जाताना दाखवायची. आत एक, बाहेर एक. कुठली, हे वहीत नव्हतं. आणि होरेस दर आठवड्याला वेगळी आणतो हे पर्सीला माहीत होतं, त्यामुळं तो बघायचाही नाही.

होरेस शनिवारी जुन्या बाजारात जायचा आणि मेलेली पेन्सिल शोधायचा. चेपलेली, आतनं सडलेली, बोंड गेलेली, पण चांदी खरी. तिच्यावरच्या शिक्क्यात बर्मिंगहॅमची खूण म्हणून जहाजाचा नांगर आणि खऱ्या चांदीचा सिंह स्वच्छ दिसला पाहिजे. त्या सोमवारी खणातलीऐवजी ती खिशातनं कारखान्यात यायची. आठवड्यात पोत्यातनं एखादी चांगली निघाली की होरेस दोन्ही काट्यावर घालायचा, मेलेली मोडून घमेल्यात टाकायचा आणि जिती खिशात घालून पर्सीला दाखवून घरी जायचा. वजन थोडं कमी भरलं तर घरनं आणलेल्या तुटक्या कडीचा तुकडा घालून पुरं करायचा. सतरा वर्षं हे चाललं होतं.

मी त्याच्या शेजारच्या बाकावर. मला कळायला तीन वर्षं लागली.

"होरेस, धरलं तर?"

"कशापायी? गुंजभर चांदी कमी भरली तर सांग. उलट मी दोन गुंजा जादाच टाकतूया."

"नॉर्मनचं काय झालं बघितलंस न्हवं?"

"नॉर्मननं न्हेली. मी बदलतूया."

"हे पर्सीला समजावून सांगशील?"

"पर्सीला त्येचं नाव समजवाय लागतं. त्येला काय सांगायचं?"

पुन्हा आम्ही त्या विषयावर बोललो नाही. मीही कुणाकडं बोललो नाही.

त्या बुधवारी चारच्या चहानंतर चमच्यांच्या पोत्यात एक पेन्सिल निघाली. सहा कडांची, साधी, जुनी म्हणावी अशीही नाही. चौतीस सालचा शिक्का. मागच्या बोंडात हिरवा खडा, खड्याच्या कडेला तांबडा ठिपका. बोंडाखाली चांदीवर खड्डे पडलेले, कुणी तरी वर्षानुवर्षं चावत बसल्यासारखे. बाजारात तिला कुणी हात लावला नसता. होरेसनं सवयीनं नाक फिरवून काढलं आणि कात्री उचलली. मग खाली ठेवली. भिंग डोळ्याला लावलं.

"बग."

मी बघितलं. फिरकीच्या पितळेवर केसाएवढ्या तीन खाचा.

"काय हाय हे?"

"मी हाय," तो म्हणाला. "नाक बसवनाऱ्यानं आपली खून करायची. माल परत आला की कुनाच्या पगारातनं कापायचं ते मालकाला कळाय पायजे. टेड बार्नीच्या दोन खाचा. त्येच्या मी हितं दोनशे तरी मोडल्या आसतील. आर्थरची आडवी रेघ. तीन खाचा माज्या. वीस वर्सांत येकबी आली न्हवती."

एकतीस वर्षं दिवसाला वीस-पंचवीस ह्या हिशेबानं त्यानं किती केल्या असतील, देव जाणे. त्यातली ही पहिली त्याच्यापुढं आली होती.

अडचण अशी की त्या आठवड्यात त्याच्या खिशात मेलेली नव्हती. ह्या रांगेमुळं जुन्या बाजारात चेपलेली चांदीही शिल्लक राहिली नव्हती, सगळी आमच्याच खिडकीवर येत होती. खिशात होती ती त्याच्या खणातली सगळ्यांत चांगली. लढाईवरनं परत आला त्या वर्षी घेतलेली, एकशे तीस वर्षांची, अंगावर जवाच्या दाण्यांची नक्षी, इतकी बारीक की बोटाखाली कापडासारखी लागायची.

"उद्या बघू," मी म्हणालो. "बाकाखाली ढकल."

"सांजच्याला झोळ्या झाडत्यात. आन् आजचं वजन आज जुळाय पायजे."

त्यानं दोन्ही काट्यावर घातल्या. जुनी थोडी जड भरली. त्यानं जुनी कात्रीत धरली. मला वाटलं, आता थांबेल. हात नेहमीसारखाच चालला. नळी डावीकडं, पितळ उजवीकडं, पोलाद खाली. मग तीन खाचांची पेन्सिल पुसून जाकिटाच्या खिशात घातली आणि चिठ्ठीवर वजन लिहायला तीच काढली. पहिल्याच ओळीला शिसं तुटलं. तो म्हणाला, "तवा आमाला शिसं बेकार द्यायचं," आणि दुसरं भरलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अकराच्या सुमाराला बॅगटसाहेब जिना चढून वर आले. कारखान्याचे मालक. मागनं एक बाई. मोडणीच्या खोलीत बाहेरचं माणूस कधी येत नाही. आमच्या सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. बाई साठीच्या पुढची, शहराबाहेरच्या टिपटनकडची. तपकिरी कोट, पायात लोकरीचे बूट, जिन्यानं धाप लागलेली.

"ह्या मिसेस हिंक्स," साहेब म्हणाले. "काल सकाळी ह्यांनी चमच्यांची पिशवी विकली. त्यात मिस्टरांची पेन्सिल होती. ती परत पाहिजे म्हणतात. मी सांगितलं की आमच्याकडे काही राहत नाही, पण त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय, डीली."

"चमचं जाऊ द्यात," बाई म्हणाली. "चमचं घिऊन मी काय करू, सूप मी कपानंच पिती. पर ती पेन्सिल चुकून गेली. म्हंजी चुकून न्हाई. म्याच घातली. लई राग आला व्हता."

"कुनाचा?" होरेसनं विचारलं.

"त्येचाच. नोव्हेंबरात मेला. तीस वर्सं दर आठवड्याला फुटबॉलवर पैसं लावायचं कूपन भरायचा, ती पेन्सिल दातात धरून. येकदाबी लागलं न्हाई. म्हनलं, जाऊ दे तिलाबी भट्टीत. आन् रातच्याला कूपन भराय बसले, तर हात तिच्यासाठनं फडताळावर जातोय. मेला तवा मी रडले न्हवते." तिनं दोन बोटांनी लांबी दाखवली. "सा कडा व्हत्या तिला. हिरवा खडा."

होरेसच्या जाकिटाचा खिसा माझ्यापासनं हातभर होता.

"मोडली, बाई," तो म्हणाला. "कालच मोडली. खाली गेली."

"वितळली?"

"व्हय."

बाई खुर्ची नसताना बसायला निघाल्यासारखी खाली झुकली आणि पुन्हा सरळ झाली. "मंग खडा तरी द्या. खडा कुटं वितळतोय?"

साहेबांनी होरेसकडं बघितलं. खडे डबीत असतात हे साहेबांना माहीत होतं. होरेसनं डबी घेतली, बाकावर उपडी केली. जांभळे, पिवळे, तांबडे, त्यात हिरवे चार-पाच. त्यानं बोटानं इकडं-तिकडं केले आणि एक हिरवा तिच्यापुढं सारला.

"ह्यो न्हवं."

दुसरा सारला.

"ह्योबी न्हवं. त्येच्या कडंला तांबडा टिपका व्हता. माज्या डोळ्यापुढं तीस वर्सं नाचलाय त्यो."

"बाई, खडं सारकंच दिसत्यात."

"तुमाला दिसत आसतील."

साहेबांना खाली रांग होती. ते घड्याळाकडं बघत म्हणाले, "डीली, बाईंचा पत्ता लिहून घे. झाडलोट करताना खडा सापडला तर पोस्टानं पाठवू. सांगा बाई."

बाई सांगू लागली. घराचा नंबर, गल्ली, टिपटन. होरेसनं चिठ्ठी ओढली, खिशात हात घातला, बोंड फिरवलं आणि लिहायला लागला. वीस वर्षं हात जसा जायचा तसाच गेला. मी बघत होतो आणि काही करू शकलो नाही. त्यानं नंबर लिहिला, गल्ली लिहिली. बाईनं त्याला पुरतं लिहू दिलं. शेवटचं अक्षर झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ते माज्या नवऱ्याचं दात हायती."

होरेसनं हातातल्या पेन्सिलीकडं बघितलं. खरंच तेव्हाच बघितलं असावं.

साहेबांनी हात पुढं केला. होरेसनं पेन्सिल त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती बाईला दिली.

"म्हंजी मोडली न्हवती," बाई म्हणाली.

"तिच्याजागी दुसरी मोडली. वजनाला वजन. माजी व्हती."

"का?"

"ही मी केलीया. चौतीस साली."

बाईनं पेन्सिल उजेडात धरून बघितली, जणू त्यावर त्याचं तोंड कोरलेलं असावं. "मंग तुमी चोरली म्हनूनशान वाचली. न्हाय का?"

"व्हय."

"आता मी आभार मानू का पोलिसाला हाक मारू?"

"काय बी करा. पर वापरा तिला. आन् म्हयन्यातनं येकदा तेल द्या. घरचं लोनी-बिनी न्हाई, शिलाई मशीनीचं."

बाईनं ती पिशवीत घातली नाही, मुठीत धरली. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही खाली बसा, मी आलोच. लोकरीच्या बुटांचा आवाज जिन्यावरनं गेला.

"किती वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"सतरा."

होरेस खोटं बोलला असता तर कुणाला काय कळलं असतं? ही एकच, कालचीच, असं म्हणता आलं असतं. त्यानं सतरा म्हणून सांगितलं.

"आणि ह्याला माहीत होतं?" साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो.

होरेसनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"वजन बरोबर असणार," साहेब म्हणाले. "तुझं वजन कधी चुकलेलं नाही. पण गेटबाहेर चांदी गेली. नॉर्मनला मी आत घातला, डीली, चिमूटभर किसासाठी. त्याची बायको माझ्या दारात उभी राहिली होती. तुला सोडलं तर तिला मी काय सांगू?"

"काय सांगू नगा."

साहेब खिडकीशी गेले. खाली रांग होती. पोती जिन्याखाली छताला टेकलेली. त्या घटकेला सोनारआळीत पेन्सिलींची पोटं ओळखणारा दुसरा माणूस नव्हता, आणि दिवसाला तीन पोती नुसती बारीकसारीक चांदीची येत होती.

"पोलिसांना मी बोलवत नाही," ते म्हणाले. "पण तुला ठेवूही शकत नाही. जिन्याखालचा ढीग आहे तोवर काम कर. रांग आटेल, भाव पडेल, आज ना उद्या पडणारच. शेवटचं पोतं रिकामं झालं की त्या संध्याकाळी जायचं. त्या दिवसापर्यंतची तुझी नोकरी धरीन. वीस भरली तर भरली, नाही तर नाही. आणि उद्यापासून गेटमधून पेन्सिल आणायची नाही. घरात काय आहे ते घरात राहू दे, मला बघायचं नाही."

"बरं साहेब."

दारात साहेब थांबले. "घाई करायची काही गरज नाही," असं जिन्याकडं तोंड करून म्हणाले आणि खाली गेले.

मग किटलीवाल्या दोघांनी आपलं काम सुरू केलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट खाली पर्सीपर्यंत जाणार होती, रात्री पबात, आणि उद्या सकाळी एल्सी पावाच्या दुकानात उभी असेल तेव्हा तिच्या मागच्या बाईलाही ठाऊक असणार होतं. होरेस खडे एकेक करून डबीत भरत होता.

मी बाक सरकवून जवळ गेलो. "होरेस. ऐकलंस ना साहेब काय म्हनला त्ये?"

"ऐकलं."

"घाई करू नगं म्हनला. तू दिसाला दोनशे मोडतूस. ह्या चालीनं ढीग सा आठवड्यांत खलास. निम्म्या कर. शंभर कर. ईस्टर गाटशील. साहेब डोळं झाकनार हाय, त्यो सांगूनच गेला."

"निम्म्या कशा करत्यात?" होरेसनं विचारलं.

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण तो खरंच विचारत होता.

"आरं, एक मोडायची आन् जरा थांबायचं. चा प्यायचा. हीकडं-तीकडं बघायचं."

"थांबून काय करायचं?"

त्यानं पोत्यात हात घातला आणि एक पेन्सिल काढली, गोल, बारीक, कडी सरकवायची. बाकावर ठेवली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. खिडकीकडं बघितलं. बाहेर रांगेतलं कुणी तरी खोकत होतं. मी मनात मोजत होतो, वीसपर्यंत गेलो असेन. मग त्याचा हात पुढं आला, कडी सरकवून शिसं येतंय का बघितलं, आलं, आणि कात्रीनं ती मधोमध कापली. नळी डावीकडं, पितळ उजवीकडं.

वजन लिहायला त्याचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. मी माझ्या बाकावरची पिवळी लाकडी पेन्सिल त्याच्याकडं सरकवली. टोक बोथट होतं. त्यानं ते पत्र्याच्या कात्रीनंच तासलं, चिठ्ठीवर आकडा टाकला, पेन्सिल कानामागं खोचली आणि पोत्यातनं पुढची काढली. पाच वाजेपर्यंत त्याच्या दोनशे चौदा झाल्या.